निर्णयाआधीची बारा वर्षं

फेब्रुवारी २०१९मध्ये माया मूरने येणारा हंगाम खेळणार नसल्याचं जाहीर केलं, तेव्हा ती २९ वर्षांची होती. अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगची, म्हणजे डब्ल्यूएनबीएची, चार विजेतेपदं तिच्या नावावर होती. ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं होती, जागतिक स्पर्धेची दोन होती, आणि त्याआधी महाविद्यालयात असताना मिळवलेली दोन राष्ट्रीय विजेतेपदं होती. कारकीर्द संपवणारी दुखापत झालेली नव्हती, संघाशी बिनसलेलं नव्हतं, पैशावरून कराराचं घोडं अडलेलं नव्हतं. घरच्यांना आणि आपल्या श्रद्धेच्या कामाला वेळ द्यायचा आहे, एवढंच तिने सांगितलं. त्या वेळातला मोठा वाटा मिसुरी राज्यातल्या तुरुंगात ५० वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या जोनाथन आयर्न्स या माणसाच्या सुटकेच्या लढ्याला जातो आहे, हे लवकरच सगळ्यांना ठाऊक झालं. ती पुन्हा खेळायला उतरलीच नाही. तेव्हापासून मूरबद्दल लिहिणारे तिच्या आयुष्याचे दोन तुकडे करतात: २०१८पर्यंतची खेळाडू आणि त्यानंतरची कार्यकर्ती. पहिलीबद्दल क्रीडा पत्रकार लिहितात, दुसरीबद्दल न्यायव्यवस्थेचे अभ्यासक. हे पुस्तक ही वाटणी मान्य करत नाही. ज्या मनाने मूर जिंकत होती त्याच मनाने ती बाहेर पडली, आणि हे बाहेर पडणं नीट समजून घेतलं तर तिचं जिंकणंही अधिक नीट कळतं, असं माझं म्हणणं आहे.

खेळाडूंच्या चरित्रांचा आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे. आधी हलाखी, मग पहाटेचा सराव, एखादा कडक गुरू, एक जिव्हारी लागलेला पराभव, त्यातून पेटून उठणं आणि शेवटी पदक. या साच्यात विजेता म्हणजे जिंकल्यावरही ज्याला चैन पडत नाही असा माणूस. असं वर्णन लागू पडणारे खेळाडू नक्कीच आहेत आणि त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे. पण मूरच्या बाबतीत हा साचा लेखकाची पंचाईत करतो. जिंकण्याची ओढ हेच विजेत्याचं इंधन असेल, तर ऐन भरात असलेली खेळाडू निघून गेली याचे दोनच अर्थ उरतात: तिची ओढ आटली, किंवा ती एकाएकी संत झाली. पहिला अर्थ तिच्या खेळाशी जुळत नाही आणि दुसरा कोणत्याही हाडामांसाच्या माणसाशी जुळत नाही. त्यापेक्षा मूळ गृहीतकच तपासून पाहावं. मूरच्या कारकिर्दीतले पुरावे मला सांगतात, की काम आपलं आणि कौल आपल्या हाताबाहेरचा, ही फारकत तिने फार लवकर केली होती. अशा माणसाला जिंकणं आवडतंच, पण स्वतःची किंमत ठरवायला त्याला जिंकण्याची गरज पडत नाही. आणि कोणतं काम हाती घ्यायचं हे ठरवण्याची मोकळीकही त्याच्यापाशी राहते.

पहिला पुरावा कनेटिकट विद्यापीठातला आहे. २००७ ते २०११ या चार वर्षांत मूर ज्या सामन्यांत खेळली त्यांपैकी तिच्या संघाने १५० जिंकले आणि ४ गमावले. त्यात सलग ९० विजयांची मालिका होती. पुरुषांमध्ये यूसीएलएचा ८८ विजयांचा विक्रम त्या मालिकेने मागे टाकला. या काळात मूरने ३,०३६ गुण केले. कोणी म्हणेल, एवढे विजय म्हणजेच जिंकण्याच्या वेडाचा पुरावा नव्हे का? मला त्यातून नेमकं उलटं दिसतं. २००८-०९च्या हंगामात कनेटिकटने ३९पैकी ३९ सामने जिंकले आणि त्यातला एकही दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने नाही. प्रतिस्पर्धी इतका मागे पडत असेल, तर आपण नीट खेळलो की नाही हे धावफलक सांगूच शकत नाही. पंचवीस गुणांनी जिंकलेल्या सामन्यातही बचावात पाय उशिरा हलले असतील, पास अर्धा क्षण आधी द्यायला हवा असेल. प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांनी आपल्या मुलींचा सराव विद्यापीठातल्या मुलांच्या गटाशी ठेवला होता. जास्त उंच, जास्त वेगवान मुलांशी खेळताना हरणं हा रोजचाच मामला असे. म्हणजे ज्या संघाला देशात कोणी हरवू शकत नव्हतं, तो आपल्या सरावाच्या कोर्टवर रोज अडचणीत येत होता. तिथे खेळाचं मोजमाप निकालावर ठेवून चालणारच नव्हतं, ते दुसरीकडे कुठेतरी शोधावं लागत होतं. मूरच्या मनाची घडण अशा जागी झाली. तिच्या शेवटच्या महाविद्यालयीन सामन्यात, २०११च्या उपांत्य फेरीत, तिने नोत्र दामविरुद्ध ३६ गुण केले आणि संघ ७२-६३ असा हरला.

त्याच वर्षी मिनेसोटा लिंक्स संघाने तिला पहिल्या क्रमांकावर निवडलं. आदल्या हंगामात ३४पैकी १३ सामने जिंकलेल्या या संघाने २०११मध्ये २७ जिंकले आणि विजेतेपदही घेतलं. श्रेय एकट्या मूरचं नाही. लिंडसे व्हेलन, सिमोन ऑगस्टस आणि रेबेका ब्रन्सन आधीपासूनच संघात होत्या, प्रशिक्षक चेरिल रीव्ह यांनी संघाला शिस्त लावली होती, आणि २०१५मध्ये सिल्व्हिया फाउल्सही आली. या संघाने सात वर्षांत सहा अंतिम मालिका खेळल्या आणि २०११, २०१३, २०१५, २०१७ अशी चार विजेतेपदं घेतली. मूरवरचा एक नेहमीचा आक्षेप इथूनच निघतो: इतके दिग्गज सोबत असताना कोण जिंकणार नाही? आक्षेपात तथ्य आहे. पण त्याने मूरची उंची कमी होते असं मला वाटत नाही. सामन्याला सरासरी १८.४ गुण करणारी खेळाडू अशा संघात राहते तेव्हा तिला चेंडूविना बराच वेळ काढावा लागतो. आडोसा घ्यायचा, आपल्यामागे बचावपटू ओढून नेऊन दुसरीसाठी जागा मोकळी करायची, चेंडू येणार नाही हे माहीत असताना कोपऱ्यापर्यंत धावायचं. धावफलकावर यातलं काही उमटत नाही. २०१४मध्ये संघात दुखापती झाल्या, गुणांचा भार अंगावर आला, तेव्हा तिने सामन्यामागे २३.९ गुण केले, एका सामन्यात दोनदा जादा वेळ खेळून ४८ गुण केले आणि वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. भार हलका झाल्यावर ती पुन्हा वाटून खेळू लागली. गुणांच्या राशीवर जीव असलेल्या खेळाडूला इतक्या सहज मागे येणं जमत नाही.

आता एक फेक जवळून पाहू, कारण मनोवृत्तीची चर्चा हवेत राहिली की तिला काहीही म्हणता येतं. ९ ऑक्टोबर २०१५, इंडियानापोलिस. इंडियाना फीव्हरविरुद्ध अंतिम मालिकेतला तिसरा सामना. मालिका १-१, गुण ७७-७७, घड्याळात १.७ सेकंद. व्हेलनने रेषेबाहेरून चेंडू आत टाकला. मूरने तो तीन गुणांच्या कमानीच्या माथ्याजवळ झेलला, आणि बचाव करणारी खेळाडू तिच्या अंगावर झेपावली. एवढ्या कमी वेळात बहुतेक जणी झेलल्या क्षणी चेंडू फेकतात; घड्याळाचीच भीती असते. मूरने फेकण्याची हूल दिली. बचावपटू हवेत उडून बाजूला गेली. मूरने एक टप्पा घेतला, मोकळ्या जागेत सरकली आणि मग फेकलं. चेंडू हातातून सुटलेला असताना वेळ संपली आणि तो जाळीतून गेला: ८०-७७. सामना डोळ्यांपुढे ठेवला तर लक्षात येतं, की हूल देण्यात वेळेचा मोठा हिस्सा खर्च झाला होता. तो खर्च करायला १.७ सेकंदांत काय काय बसतं याचा पक्का हिशेब अंगात मुरलेला लागतो. जिंकायचं आहे हा विचार त्या क्षणी कामाचा नसतो. बचावपटूचे पाय कुठे आहेत, तिचं वजन कुठल्या बाजूला झुकलं आहे, एक टप्पा परवडेल का, हेच प्रश्न असतात.

यावर दोन हरकती येतील. ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, इथे मन कुठून आलं, ही पहिली. पण प्रतिक्षिप्त वाटणारी हालचाल म्हणजे सरावात हजारो वेळा आधीच घेऊन ठेवलेला निर्णय असतो. मन तिथे काम करून गेलेलं असतं. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: चेंडू आत गेला म्हणून आपण हुलीचं कौतुक करतो, रिंगला लागून बाहेर आला असता तर तिलाच वेळेची नासाडी म्हटलं असतं. हे खरं आहे. म्हणूनच या एका फेकीवर माझी भिस्त नाही. पुढच्याच वर्षी मूरच्या वाट्याला उलटा प्रसंग आला. तिथे फेक आत गेली आणि सामना हातचा गेला.

२० ऑक्टोबर २०१६ला मिनीॲपोलिसमध्ये लॉस एंजलिस स्पार्क्सविरुद्ध अंतिम मालिकेतला पाचवा आणि निर्णायक सामना होता. सुमारे १५ सेकंद उरलेले असताना मूरच्या फेकीने लिंक्सला ७६-७५ अशी आघाडी मिळाली. त्यानंतर ३.१ सेकंद बाकी असताना स्पार्क्सच्या नेका ओगवुमिकेने परत आलेला चेंडू मिळवून पुन्हा टाकला आणि सामना ७७-७६ असा संपला. पण खरी गोम त्याआधीची होती. सामना संपायला १ मिनिट १४ सेकंद असताना ओगवुमिकेनेच केलेली एक बास्केट वेळ उलटून गेल्यावरची होती. बास्केटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या संघाला २४ सेकंदांत चेंडू रिंगकडे टाकावाच लागतो. तो मुदतीनंतर हातातून सुटला होता, आणि पंचांनी चित्रीकरण न तपासता ते दोन गुण दिले. दुसऱ्या दिवशी लीगने चूक कबूल केली. एका गुणाने हरलेल्या संघाला दोन चुकीच्या गुणांची कबुली मिळाली आणि निकाल जागचा हलला नाही. खेळाची रीतच तशी आहे, आणि ती योग्यही आहे. पंचांचा प्रत्येक चुकीचा कौल नंतर उघडून बसायचं ठरवलं तर एकही स्पर्धा तडीला जाणार नाही. वर्षभराने तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले, पुन्हा पाचवा सामना झाला, फाउल्सने त्यात १७ गुण केले, २० रिबाउंड घेतले आणि लिंक्स ८५-७६ असे जिंकले. मूरचं हे चौथं विजेतेपद.

चुकीचा कौल गिळून पुढच्या हंगामाला उभं राहणं ही खेळाडूची रोजची तालीम असते. मूरच्या आयुष्यात मात्र याच काळात एक दुसरा कौल होता, आणि तो गिळणं तिला मान्य नव्हतं. जानेवारी १९९७मध्ये सेंट लुइसजवळच्या ओफॅलन गावात एका घरात चोरी झाली आणि घरमालकावर गोळी झाडली गेली, तो वाचला. आयर्न्स तेव्हा १६ वर्षांचा होता. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालला. ज्युरीतले सगळे गोरे होते आणि तो कृष्णवर्णीय. त्याला गुन्ह्याशी जोडणारा बोटांचा ठसा, रक्त किंवा शस्त्र यांपैकी काहीच नव्हतं; भर होता तो घरमालकाने पटवलेल्या ओळखीवर आणि तपास अधिकाऱ्याने सांगितलेल्या, कुठेही ध्वनिमुद्रित न केलेल्या कबुलीजबाबावर. शिक्षा झाली ५० वर्षांची. मूरच्या घरातली काही माणसं तुरुंगात जाऊन कैद्यांसाठी धर्मकार्य करत असत, त्यांच्यामुळे २००७मध्ये ती आयर्न्सला भेटली. तेव्हा ती १८ वर्षांची होती आणि कनेटिकटसाठी एकही सामना खेळलेली नव्हती.

या तारखेकडे मी वाचकांचं मुद्दाम लक्ष वेधतो, कारण सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. ९० विजयांची मालिका, ३,०३६ गुण, चार विजेतेपदं, लंडन आणि रिओची सुवर्णपदकं, हे सगळं त्या भेटीनंतर घडलं. २०१९चा निर्णय कुठल्या झटक्यात घेतलेला नव्हता, आणि खेळून कंटाळलेल्या बाईला अचानक सापडलेलं नवं ध्येयही ते नव्हतं. बारा वर्षं दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालत होत्या: पत्रं, भेटी, कागदपत्रं, वकील, आणि त्याच वेळी सराव, प्रवास, सामने. मूर या काळात दोन्हीकडे तशीच वागताना दिसते. आधी आपल्या हातात काय आहे ते पाहायचं, तेवढं नेमकेपणाने करायचं, लागलेल्या कौलाने स्वतःला मोडू द्यायचं नाही. फरक एवढाच, की खेळातल्या चुकीच्या कौलाला पुढचा हंगाम हे उत्तर असतं आणि तुरुंगातल्या माणसाला पुढचा हंगाम नसतो. ही मांडणी माझी आहे. मूर स्वतः आपल्या श्रद्धेची भाषा बोलते. पण कोणत्या कौलापुढे मान तुकवायची आणि कोणत्या नाही, हा भेद तिच्या वागण्यात स्वच्छ दिसतो.

खेळाडूने दुसऱ्या कशात मन घातलं की खेळ बिघडतो, असं प्रशिक्षक, पालक आणि पत्रकार एका सुरात सांगतात. त्याला २०१६चा हंगाम हे उत्तर आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लुइझियानात ऑल्टन स्टर्लिंग आणि मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. पाठोपाठ डॅलसमध्ये पाच पोलिसांची हत्या झाली. ९ जुलैला लिंक्सच्या खेळाडू सामन्याआधीच्या सरावाला काळे शर्ट घालून उतरल्या. बदलाची सुरुवात आपल्यापासून, न्याय आणि उत्तरदायित्व, असा मजकूर पुढे होता. मागे दोन्ही मृतांची नावं होती आणि डॅलस पोलिसांचं बोधचिन्हही. मूर आणि इतर कर्णधार पत्रकारांसमोर बोलल्या. सुरक्षेसाठी नेमलेले चार पोलिस काम सोडून निघून गेले. अमेरिकी फुटबॉलपटू कॉलिन केपर्निकचा राष्ट्रगीतावेळचा निषेध गाजला तो त्यानंतर दीड महिन्याने, आणि आज या विषयाच्या बहुतेक कथा त्याच्यापासून सुरू होतात. बायकांचा संघ आधी उभा राहिला हे विसरलं गेलं, याचं नवल वाटायला नको. तर त्या हंगामात लिंक्सनी ३४पैकी २८ सामने जिंकले, मूर मध्येच रिओला जाऊन सुवर्णपदक घेऊन आली, आणि अंतिम सामना शेवटच्या तीन सेकंदांपर्यंत गेला. लक्ष विचलित झालेला संघ असा खेळत नाही.

आता थकव्याचा आक्षेप. मूर दमली होती आणि न्यायाचं कारण नंतर चिकटलं, असं सौम्य शब्दांत बरेच जण सुचवतात. ती दमली होती यात शंका नाही. २०१८मध्ये तिची फेक पूर्वीइतकी बसत नव्हती, लिंक्स पहिल्याच बाद फेरीत गारद झाले, आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतून तिने आधीच माघार घेतली होती. पण हा थकवा कुठून आला तेही पाहायला हवं. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यापुरता असतो आणि तेव्हाचा पगार असा, की २०१९मध्येही अनुभवी, नावाजलेल्या खेळाडूला वर्षाला जेमतेम १,१७,००० डॉलर मिळत. म्हणून हिवाळ्यात परदेशी जायचं. मूर स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाकडून खेळली, चीनमध्ये शांशीकडून तीनदा विजेती ठरली, रशियातल्या येकातेरिनबर्गकडून युरोलीग जिंकली. मधल्या फटींत राष्ट्रीय संघ. वर्षानुवर्षं हे असं चाललं. २०१५मध्ये तिने एका लेखात लिहिलं होतं, की कनेटिकटमध्ये असताना सगळा देश आपल्याला पाहत होता आणि व्यावसायिक झाल्यावर आपण दिसेनाशा झालो. म्हणजे थकवा हा मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न नव्हता. त्या काळच्या महिला बास्केटबॉलची रचनाच तशी होती. आणि दमलेल्या माणसाला विश्रांती हवी असते. मूरने विश्रांतीच्या वर्षात वकिलांच्या बैठका घेतल्या, सरकारी वकिलांच्या अमर्याद अधिकारांविरुद्ध मोहीम चालवली, ऑक्टोबर २०१९मध्ये जेफरसन सिटीच्या न्यायालयात सुनावणीला जाऊन बसली. थकवा हे निघण्याचं एक कारण होतं, तिने ते लपवलंही नाही. पण निघून कुठे जायचं, हे थकवा ठरवत नाही.

डायना टौरासीचं उदाहरण माझ्या विरोधात जाणारं सर्वांत मोठं उदाहरण आहे, म्हणून ते टाळता येत नाही. टौरासी डब्ल्यूएनबीएत २० हंगाम खेळली, १०,६४६ गुणांचा विक्रम केला, सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली आणि बेचाळिशीत निवृत्त झाली. पंचांशी भांडणारी, प्रतिस्पर्ध्याला डिवचणारी, हरणं खरोखर अंगाला लागणारी ही खेळाडू. विजेत्याचं मन कसं असतं असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तीच येईल. त्या प्रकारचं मनही असतं आणि तेही जिंकतं, हे मला मान्य आहे. पण तिच्या कारकिर्दीतही एक मोकळी जागा आहे: २०१५चा अमेरिकी हंगाम तिने खेळलाच नाही, कारण तिच्या रशियन क्लबने विश्रांतीसाठी तिला अमेरिकेतल्या पगारापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले. वीस वर्षांच्या वाटचालीत ते थांबणंही हिशेबात धरायला हवं. दुसरं उदाहरण मायकेल जॉर्डनचं. मूर त्याच्याच नावाच्या ब्रँडशी करार करणारी पहिली महिला बास्केटबॉलपटू, आणि तिच्या पाठीवर आकडाही २३. तीन विजेतेपदांनंतर १९९३मध्ये जॉर्डनने खेळ सोडला, बेसबॉल खेळून पाहिला आणि १९९५च्या मार्चमध्ये तो परत आला. त्याला परत यावंसं वाटलं, कारण जिथे तो स्वतःला मोजू शकत होता अशी जागा ती एकच होती. मूरला परत यायला कोणी अडवलं नव्हतं. २०२०मध्ये लीगचा नवा करार झाला, सर्वोच्च पगार २,१५,००० डॉलरवर गेला, लोकांचं लक्षही वाढू लागलं. ती आली नाही.

मार्च २०२०मध्ये न्यायाधीश डॅनियल ग्रीन यांनी आयर्न्सची शिक्षा रद्द केली. घटनास्थळी सापडलेला एक ठसा आयर्न्सचाही नव्हता आणि घरमालकाचाही नव्हता, हे सांगणारा अहवाल मूळ खटल्यात बचाव पक्षाला दिलाच गेला नव्हता, हे त्यामागचं मुख्य कारण. १ जुलै २०२० रोजी तो सुटला. तेवीस वर्षं आत काढली होती. मूर आणि त्याने लग्न केलं, आणि मग कुजबुज सुरू झाली की हे न्यायाचं नव्हतंच, प्रेमाचं होतं. मला हा आक्षेप विशेष गंभीर वाटत नाही. मूरने आपल्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातच प्रेम आणि न्याय शेजारी ठेवले आहेत, त्यामुळे चोरी पकडल्याचा आव आणायला जागा नाही. आणि दडवलेला अहवाल कोणाच्या भावनांमुळे खरा किंवा खोटा होत नाही. याहून टोकदार आक्षेप ऐपतीचा आहे. मूरपाशी नाव होतं, बचत होती, प्रायोजक होते. किमान पगारावर खेळणारी, घरी पैसे पाठवणारी खेळाडू असं वर्ष सोडू शकत नाही. आणि आयर्न्ससारख्या इतर कैद्यांसाठी कोणी ऑलिंपिक विजेती उभी राहत नाही. हा आक्षेप मी खोडून काढत नाही, कारण तो बरोबर आहे. मूरने जे केलं ते कोणालाही करता येईल असं मी म्हणतच नाही. तिच्याइतकी ऐपत असलेले खेळाडू मात्र अनेक आहेत, आणि त्यांच्यातले फार थोडे भरात असताना असे निघून गेले. साधनं होती म्हणून तिला जाता आलं. गेली का, याचं उत्तर साधनांत सापडत नाही.

संघाचं काय झालं, हा प्रश्नही उरतो. व्हेलन २०१८मध्ये निवृत्त झाली होती, ब्रन्सनही पुन्हा खेळली नाही. लिंक्सची ती पिढी मूरसकट विरू लागली. मूर राहिली असती तर आणखी एखादं विजेतेपद मिळालं असतं का, हे कोणी सांगू शकत नाही, पण तिच्या जाण्याने रीव्ह यांच्यापुढे पेच पडला आणि सहकाऱ्यांचं नुकसान झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिने चार हंगाम निवृत्तीची घोषणाही केली नाही. ती घोषणा झाली जानेवारी २०२३मध्ये. त्या अनिश्चिततेची किंमत संघाने मोजली. ऑगस्ट २०२४मध्ये त्याच संघाने तिचा २३ हा क्रमांक सन्मानाने निवृत्त केला, आणि २०२५मध्ये, अवघ्या आठ व्यावसायिक हंगामांच्या बळावर, नायस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला.

पुढची प्रकरणं कालक्रमाने आहेत, मात्र खेळ आणि खटला यांची वेगळी दालनं केलेली नाहीत. ज्या वर्षी जे घडलं ते त्या वर्षात आहे. बास्केटबॉलचे नियम ठाऊक नसलेल्यांसाठी शेवटी चार पानांचं टिपण जोडलं आहे. २४ सेकंदांचा नियम तेवढा आधी वाचून घ्यावा, म्हणजे २०१६चा गोंधळ लक्षात येईल. ज्यांना केवळ सामनेच वाचायचे आहेत त्यांनी मिसुरीच्या न्यायालयातली पानं उलटून पुढे जायला हरकत नाही. २०१६चं प्रकरण मात्र त्यांनीही गाळू नये, कारण काळे शर्ट, रिओ आणि पंचांची ती चूक हे सगळं त्या एकाच उन्हाळ्यापासून शरदापर्यंतच्या चार महिन्यांत घडलं आहे.